उलटा वेढा

वडशाच्या सायकल दुकानात
डबी चार दिवस पडून होती,
आगपेटीहून जराशी मोठी.
"बाँब तं नाई ना गा?" दुकानदारानं हलवून पाहिलं.
म्हटलं, कान आहे. गिटारीचा.

गिटार सक्करदऱ्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची.
त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं
तेव्हा मी ती घेतली, आवाज न ऐकता.
मानेकडचा पिकअप मुका.
दोन हंगाम मी एकाच पिकअपवर काढले:
खलनायक येताना, नायिका मरताना,
सगळ्यांना तोच पत्र्याचा आवाज.
नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं जो आकडा सांगितला
त्यात माझे पाच प्रयोग बुडत होते.

म्हणून रोवणी आटोपल्यावर
बाजेवर चादर अंथरून बसलो.
आधी तारांचा फोटो काढला.
पहिल्या दिवशीचं शहाणपण एवढंच.
सहाही तारा सैल केल्या,
स्क्रू काढला, आणि त्याखालची स्प्रिंग
उडून तांदळाच्या सुपात गेली.
आई तिसऱ्या दिवशी म्हणाली,
"हा कोनता खडा होय?"

डागणी शालिकभाऊ बगमारेची,
पंपाच्या मोटरी भरणाऱ्याची.
चिमणीच्या पायात बैलाची नाल ठोकावी
तसा मी तिनं ती बारीक तार जोडली.
टाका बसला. भुरकट, खडबडीत,
हात लावला तर निघून आला.
शालिकभाऊ चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला,
"थंडा टाका होय हा, पोट्ट्या.
कथील वितळून नाई भागत.
तार तापव. तापली का थे सोताच कथील ओढते."

तार तापवली.
बोट भाजलं, मग दुसरं बोट.
चौथ्या टाक्याला कथील
आपणहून पसरलं, आरशासारखं.
पेचकसानं पिकअपवर टिचकी मारली:
डब्यातून टक.
मी पुन्हा मारली, उगाचच.

पण दोन्ही पिकअप एकत्र लावले
तर आवाज गेला पातळ होऊन,
जत्रेतल्या ताकासारखा.
एकेकटे बरे. जोडीनं नाहीच.
रात्रभर फोटोतल्या रंगांशी भांडलो,
काळी इथे, पांढरी तिथे, सगळं बरोबर.

"बरोबर हाये, म्हनूनच चुकलं," शालिकभाऊ म्हणाला.
"याचा वेढा उलटा हाये जुन्यापेक्षा.
दोघं एकमेकाचा आवाज खाऊन राह्यले.
मोटर उलटी फिरली का आमी काय करतो?
दोन तारा पालटवतो."
आणि तो पुन्हा त्याच्या मोटरीत शिरला.

पालटवल्या.
कालव्याचं पाणी आधी भेगांत उतरतं
मग बांधी भरते,
तसं काहीतरी झालं खोलीत.
कुत्रं उठून बाहेर गेलं.

दिवाळीनंतर मंडईला,
पहाटे तीनच्या थंडीत, नायिका मरताना
मी मानेकडचा लावला.
समोरच्या म्हातारीनं घोंगडं गळ्याशी ओढलं.
बाकी कोणाला काही कळलं नाही.
निर्माता विंगेतून म्हणाला,
"आवाज काहून कमी केला बे?"

मेलेला पिकअप शालिकभाऊनं मागून घेतला.
लाइन नसली की तो त्याचे वेढे उकलत बसायचा,
शंभर झाले की भिंतीवर कोळशाची रेघ.
सात हजार तीनशेच्या पुढे कुठेतरी
गिऱ्हाईक आलं आणि हिशोब चुकला.
तुटलेली जागा निघाली
अगदी आतल्या वेढ्यात,
जिथून गुंडाळायला सुरुवात केली असेल कोणीतरी.

आता ती तार दुकानाच्या खिळ्याला टांगलेली असते,
केसाहून बारीक, उन्हात तांबडी.
चिमण्या येतात,
त्यातलं हातभर तोडून
पत्र्याखाली नेतात.